इंटरॲक्टिव्ह प्रकल्पाचं इन्फर्मेशन आर्किटेक्चर : झाड काढून भागेना

पाणकणीस (धागाकर्ती)

वेबसाइटचं इन्फर्मेशन आर्किटेक्चर, म्हणजे माहितीची मांडणी, मी बरीच वर्षं करते आहे. साइटमॅप (कोणत्या पानाखाली कोणतं पान याचं झाडासारखं चित्र) काढायचा, मेन्यू ठरवायचे, नावं द्यायची, मग वायरफ्रेम (पानाचा कच्चा आराखडा). सध्या हातात आलंय ते या साच्यात बसत नाहीये, म्हणून हा धागा.

विषय आहे पक्ष्यांचं स्थलांतर. प्रदर्शनात मोठ्या टचस्क्रीनवर चालेल आणि नंतर फोनवरही बघता येईल असं काहीतरी करायचंय. माल भरपूर आहे: सव्वाशेच्या आसपास छोट्या क्लिप, मार्गांचे नकाशे, आवाजांची रेकॉर्डिंग, संशोधकांच्या मुलाखती. दिग्दर्शकाच्या डोक्यात गोष्ट आहे. प्रेक्षकाने पक्षी व्हायचं, प्रत्येक मुक्कामी निर्णय घ्यायचा, वादळातून जायचं की थांबायचं, वगैरे. शिवाय ज्यांना गोष्ट नको, नुसतं चाळायचंय, त्यांनाही सगळं सापडायला हवं.

सवयीप्रमाणे झाड काढायला घेतलं. वर पक्षी, खाली मार्ग, त्याखाली मुक्काम, त्याखाली निर्णय. भिंतभर कागद झाला आणि अर्ध्या क्लिप दोन-दोन ठिकाणी चिकटवायची वेळ आली.

तीन क्लिकच्या आत सगळं आलं पाहिजे आणि मेन्यूत सातच पर्याय हवेत, हे नियम इथे लावायचे का? गोष्ट आणि संदर्भ (म्हणजे नुसता चाळायचा माल) एकाच रचनेत नांदतील का? आणि डेव्हलपरच्या हातात शेवटी काय द्यायचं? साइटमॅप दिला तर तो नुसता माझ्याकडे बघत बसेल.

खडूफळा

आधी ते दोन नियम निकालात काढू.

सातचा आकडा मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांच्या १९५६च्या निबंधातला. तो निबंध माणूस थोड्या वेळापुरतं किती डोक्यात धरू शकतो याबद्दल आहे. मेन्यू डोक्यात धरायचा नसतो, तो समोर दिसत असतो. नीट गट पाडलेले वीस पर्याय माणूस आरामात बघतो, आणि पाच धूसर नावांपुढे अडखळतो. आकडा पाळायचाच असेल तर फक्त आवाजावर चालणाऱ्या मेन्यूत पाळा. तिथे खरोखरच लक्षात ठेवावं लागतं, आणि तिथे सातसुद्धा फार झाले.

तीन क्लिकचंही तसंच. २००३ साली जोशुआ पोर्टर यांनी माणसं प्रत्यक्ष काम करत असतानाची आकडेवारी तपासली होती. क्लिक वाढले म्हणून माणसं काम सोडून देतात किंवा जास्त वैतागतात, असं काही त्यात दिसलं नाही. माणूस वैतागतो ते पुढच्या क्लिकने जवळ जातोय की लांब हे कळेनासं झालं की. पिरोली आणि कार्ड यांनी नव्वदच्या दशकात झेरॉक्स कंपनीच्या प्रयोगशाळेत याचा अभ्यास केला. प्राणी जसा वास घेत भक्ष्याकडे जातो तसा माणूस माहितीचा माग काढतो, असं त्यांचं म्हणणं. वास येत राहिला तर तो दहा पावलंही चालतो.

तुमच्या बाबतीत म्हणजे काय, तर बटणावर 'अधिक माहिती' लिहू नका. त्याला कसलाच वास नाही. 'वादळात थवा काय करतो?' असं लिहा. बोट आपोआप जातं.

चहाटळ

'अधिक माहिती' हे बटण कायद्याने बंद करावं या मागणीला माझा पाठिंबा. त्याच्यासोबत 'इतर'सुद्धा.

रात्रपाळी

खडूफळा, वेबसाइटपुरतं मान्य. प्रदर्शनातल्या टचस्क्रीनला मात्र क्लिक मोजावेच लागतात. तिथे माणूस उभा असतो, मागे दोन पोरं 'आता मी, आता मी' करत असतात. नियम तीनचा नसेल, पण पहिला स्पर्श झाल्याबरोबर काहीतरी हललं-वाजलं पाहिजे. पहिल्या स्पर्शाला मेन्यू उघडला की निम्मी माणसं पुढच्या दालनात निघून जातात. मी अशा दालनांमध्येच काम करतो, रोज बघतो.

खडूफळा

@रात्रपाळी, हे बरोबर. आत किती खोल जावं लागतं याबद्दल मी बोलत होतो, तुम्ही उंबरठ्याबद्दल. उंबरठा शून्यच हवा.

सतराशेसाठ

गोष्टीचं गणित मांडतो. प्रत्येक मुक्कामी दोन पर्याय आणि असे दहा मुक्काम धरा. एकही फांदी दुसरीला मिळू दिली नाही, तर शेवट होतात १०२४ आणि एकूण प्रसंग २०४७. प्रेक्षक एका फेरीत त्यातले ११ बघणार. उरलेले २०३६ कोणासाठी शूट करायचे? भिंतभर कागद झाला त्यात नवल नाही.

हे दुखणं जुनं आहे. १९६७ साली माँट्रियलच्या जागतिक प्रदर्शनात चेकोस्लोव्हाकियाच्या दालनात रादुझ चिनचेरा यांचा 'किनोऑटोमॅट' चालायचा. प्रत्येक खुर्चीला लाल आणि हिरवं बटण. सिनेमा मध्येच थांबायचा, सूत्रधार रंगमंचावर यायचा, प्रेक्षक कौल द्यायचे आणि ज्याला बहुमत ती रीळ पुढे चालू व्हायची. गंमत अशी, की कौल काहीही लागो, थोड्या वेळाने दोन्ही वाटा पुन्हा एकाच प्रसंगाला येऊन मिळायच्या आणि शेवट एकच असायचा, इमारतीला आग. म्हणजे फांद्या फुटू द्यायच्या आणि लगेच परत वळवून घ्यायच्या. शूटिंग दुपटीच्या आत राहतं.

पण नुसतं वळवून घेतलं तर प्रेक्षकाला फसवल्यासारखं वाटतं. 'मी काहीही दाबलं तरी तेच' हे दुसऱ्या फेरीत कळतंच. यावरचा उपाय म्हणजे आठवण. २०१८ मध्ये नेटफ्लिक्सवर 'बँडरस्नॅच' हा प्रेक्षकाने निवडी करायचा सिनेमा आला, त्यात सुरुवातीला नायकाने नाश्त्याला कोणतं सीरियल (कॉर्नफ्लेक्ससारखा पदार्थ) खायचं ते तुम्ही ठरवता. निर्णय फालतू आहे. पण पुढे टीव्हीवर जाहिरात लागते ती तुम्ही निवडलेल्या त्याच नाश्त्याची. प्रसंग तोच, त्यात तुमची खूण.

तेव्हा पाणकणीस, फांद्या वाढवू नका, पक्ष्याची *स्थिती* सांभाळा. तीन व्हेरिएबल (बदलत्या नोंदी) पुरतात: अंगात चरबी किती, वारा कसा, उशीर किती. प्रत्येकाच्या तीनच पायऱ्या ठेवल्या तरी २७ वेगवेगळे पक्षी होतात. वादळाची क्लिप एकच. चरबी भरपूर असेल तर ती पार होते, बेताची असेल तर तीच क्लिप संपून मधल्या बेटावर उतरायचा प्रसंग येतो, तळाला गेली असेल तर पक्षी पाण्यात पडतो. आणि विषयाच्या दृष्टीनेही हे खरं आहे. पट्टेरी शेपटीचा पाणटिवळा निघण्याआधी इतकं खातो की त्याचं निम्म्याहून जास्त वजन चरबीचं असतं, आणि पोटातले पचनाचे अवयव आक्रसतात. २०२२ मध्ये एक पिल्लू, म्हणजे काही महिन्यांचा पक्षी, अलास्काहून निघून कुठेही न उतरता ११ दिवसांत टास्मानियाला पोचलं. १३,५६० किलोमीटर. अशा पक्ष्यासाठी 'डावीकडे जाऊ की उजवीकडे' हा प्रश्नच नाही. 'पुरेसं खाल्लं का' हा प्रश्न आहे. निवडी तिथे ठेवा.

पाणकणीस

सतराशेसाठ, शेवटचा परिच्छेद दिग्दर्शकाला जसाच्या तसा पाठवला आहे. :) 'निघायचं की अजून दोन दिवस खायचं' ही निवड त्याला एकदम पटली.

पण चाळणाऱ्या माणसाचं काय? क्लिप दोन-दोन ठिकाणी चिकटवाव्या लागतात, त्यावर अजून कोणी बोललं नाही.

निर्देशांक

दोन ठिकाणी चिकटवाव्या लागतात कारण झाडात प्रत्येक वस्तूला एकच पालक असतो. अमूर ससाणा रात्री समुद्र ओलांडतो त्याची क्लिप घ्या. ती ससाण्याखाली ठेवू, समुद्र ओलांडण्याखाली, शरद ऋतूखाली, की सॅटेलाइट टॅगने माग कसा काढतात त्याखाली? सगळीकडे बरोबर आहे, म्हणजेच झाड चूक आहे.

ग्रंथालयवाल्यांनी हा प्रश्न केव्हाच सोडवलाय. रंगनाथन यांची कोलन वर्गीकरण पद्धत १९३३ची. पुस्तकाला आधीपासून ठरलेल्या एका खणात न टाकता त्याचे पैलू वेगवेगळे नोंदवायचे, असा तिचा गाभा. त्यांनी पाच पैलू धरले: व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, स्थळ, काळ. आज खरेदीच्या प्रत्येक वेबसाइटवर डावीकडे फिल्टर दिसतात, त्यामागे हाच विचार आहे. तुमच्याकडे उतरवायचं तर: जात कोणती, काय करतोय (उडतोय, खातोय, विणीला बसलाय), कुठे, वर्षाच्या कोणत्या काळात, आणि हे आपल्याला कसं कळलं. प्रत्येक क्लिपला हे पाच टॅग (ओळखीच्या चिठ्ठ्या) लावा, एकदाच. क्लिप एकाच जागी राहील, वाटा पाच होतील.

रिचर्ड सॉल वुर्मन यांचं वर्गीकरणही इथे उपयोगी आहे. ते मूळचे वास्तुरचनाकार. १९७६ साली अमेरिकेतल्या वास्तुरचनाकारांच्या परिषदेचा विषयच त्यांनी 'माहितीची वास्तुरचना' असा ठेवला होता. त्यांचं म्हणणं, माहिती लावायच्या रीती पाचच: ठिकाणाने, अक्षरांनी, काळाने, प्रकाराने आणि चढत्या-उतरत्या क्रमाने. तुमचा माल पाचही रीतींनी लावून बघा, दुपारभराचं काम. अकारादी क्रम बाद होईल, कारण बघणाऱ्याला पक्ष्याचं नाव माहीत नसतं. क्रमाने लावलेली यादी ('सगळ्यात लांब कोण उडतं?') मुलांना फार आवडेल. ठिकाण आणि काळ मात्र तुमचा कणा आहेत, स्थलांतर म्हणजे दुसरं काय?

एक सावधगिरी. पाच पैलू आणि प्रत्येकात सहा पर्याय धरले तर ७७७६ जोड्या होतात. तुमच्याकडे क्लिप सव्वाशे. म्हणजे सगळे फिल्टर लावणाऱ्याला जवळजवळ नेहमीच 'काही सापडलं नाही' दिसणार. तेव्हा पडद्यावर एका वेळी दोनच पैलू खुले ठेवा आणि रिकामी निघणारी बटणं आधीच मालवून टाका. टॅग पाचही ठेवा, ते मशीनच्या कामाचे आहेत.

झटपट

एवढा खटाटोप कशाला? हल्ली चॅटबॉट लावला की झालं. माणूस विचारेल, तो क्लिप काढून देईल.

निर्देशांक

आणि चॅटबॉट क्लिप कशावरून शोधणार? टॅगवरूनच की. क्लिपच्या आत काय आहे हे कुणीतरी लिहिलेलं असेल तरच ती सापडते. खटाटोप वाचत नाही, फक्त दिसेनासा होतो.

रात्रपाळी

शिवाय दालनात येणाऱ्याला काय विचारायचं तेच ठाऊक नसतं. पाणटिवळा नावाचा पक्षी असतो हे माहीत नसलेला माणूस रिकाम्या चौकटीत काय लिहिणार? फोनवर, घरी गेल्यावर, शोध ठेवा. पडद्यावर नको.

झटपट

बरं, फोनपुरता तरी मुद्दा मान्य झाला म्हणायचा.

खडूफळा

हरवण्याबद्दल थोडं. जेफ कॉन्कलिन यांनी १९८७ मध्येच हायपरटेक्स्टची (एकमेकांना दुव्यांनी जोडलेल्या मजकुराची) दोन दुखणी लिहून ठेवली आहेत: माणूस हरवतो, आणि कुठे जायचं हे सतत ठरवत राहिल्याने थकतो. पहिल्यावर सगळे उपाय करतात, दुसऱ्याकडे कोणी बघत नाही. क्लिपखाली सहा 'संबंधित' चौकटी देणं म्हणजे दर मिनिटाला सहा निर्णय अंगावर टाकणं. एक ठळक 'पुढे' आणि एक बारीक 'दुसरीकडे', इतकं पुरे.

हरवण्यावर तुमच्याकडे आयता उपाय आहे, नकाशा. १९७८च्या सुमाराला अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाने तिथल्याच ॲस्पेन शहराचा 'मूव्ही मॅप' केला होता. गाडीवर कॅमेरे लावून रस्त्यांचे दर दहा फुटांवर फोटो घेतले, लेसरडिस्कवर (सीडीसारख्या मोठ्या तबकडीवर) भरले आणि बघणारा पडद्याला स्पर्श करून त्या रस्त्यांवरून फिरायचा. त्यात ऋतू बदलायची सोय होती, त्याच कोपऱ्यावर उभं राहून शरद आणि हिवाळा बघता यायचा. तुम्हाला अगदी हेच हवंय: जागा बोटाखाली, काळ कडेच्या पट्टीवर. 'मिस्ट' हा १९९३चा गेम मॅकसाठी हायपरकार्ड या सॉफ्टवेअरमध्ये बनला होता, म्हणजे आतून नुसती एकमेकांना जोडलेली कार्डं. खेळणाऱ्याला कार्डं आठवत नाहीत, बेट आठवतं. आत कार्डं असोत, बाहेर जागा दिसली पाहिजे.

श्राव्या

नकाशाचं इतकं कौतुक चाललंय म्हणून सांगते. मी स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरते. नकाशा माझ्यासाठी एकतर काहीच नसतो किंवा 'प्रतिमा, प्रतिमा, बटण, बटण' असा असतो. नकाशावर जे जे दाबता येतं ते सगळं यादीतूनही गाठता आलं पाहिजे, आणि त्या यादीचा क्रम कोणीतरी विचार करून लावलेला हवा. उत्तर-दक्षिण मार्गाच्या क्रमाने लावलात तर माझ्याही डोक्यात प्रवास उभा राहतो. ही यादी मागाहून चिकटवू नका. निर्देशांक म्हणतात तसे टॅग असतील तर ती फुकटात तयार होते.

मोठ्या पडद्याबाबतही: महत्त्वाची बटणं वरच्या भागात ठेवली की व्हीलचेअरवरचा माणूस आणि लहान मूल दोघंही बाहेर. नेव्हिगेशन खालच्या निम्म्यात ठेवा. आणि निवडीला वेळेची मर्यादा ठेवणार असाल तर ती बंद करायची सोय द्या. 'बँडरस्नॅच'मध्ये निवडीला दहा सेकंद मिळायचे. तेवढ्यात माझं ऐकूनही होत नाही.

पाणकणीस

श्राव्या, यादी पहिल्या दिवसापासून रचनेत घेते. खरं तर यादीच मूळ धरावी आणि नकाशा हे तिचं एक रूप, असं आता वाटतंय.

कोडकिडा

डेव्हलपरच्या बाजूने लिहितो. पडद्यांची चित्रं सगळ्यात शेवटी द्या. आधी दोन तक्ते हवेत. एकात वस्तू, एकात प्रसंग.

वस्तूंच्या तक्त्यात क्लिप, पक्षी, जागा, माणूस असे प्रकार, आणि प्रत्येक प्रकाराचे कोणते रकाने भरायचे ते. ओळख-क्रमांक शीर्षकावरून बनवू नका, शीर्षकं उद्घाटनाच्या आदल्या रात्रीपर्यंत बदलत असतात.

प्रसंगांच्या तक्त्यातली एक ओळ नमुन्याला:

ओळख: प्र-१४, समुद्रावरची दुसरी रात्र
कधी दिसेल: किनारा सोडला आहे आणि चरबी 'बेताची' किंवा 'भरपूर'
काय वाजेल: क्लिप क-०७७, वारा समोरून असेल तर निवेदन ब, नाहीतर अ
निवड: उंच जा / खाली राहा
काय बदलेल: उंच गेल्यास वारा पाठीमागून, खाली राहिल्यास चरबी एक पायरी कमी
पुढे: प्र-१५, चरबी तळाला गेली तर प्र-२१
इथून संदर्भ: 'रात्री दिशा कशी कळते?'

अशा तीसेक ओळी झाल्या की गोष्ट झाली. ही मी थेट वाचून चालवू शकतो. झाडाच्या चित्रावरून मला हे सगळं अंदाजाने काढावं लागतं आणि अंदाज चुकले की बैठका होतात.

दिग्दर्शकाला दाखवायला ट्वाइन (फाटे फुटणाऱ्या गोष्टी बनवायचं सॉफ्टवेअर) वापरा. २००९पासून आहे, फुकट आहे, ब्राउझरमध्ये चालतं, व्हेरिएबल ठेवता येतात. प्रसंग वाढले की त्याचा नकाशा म्हणजे मांजराने खेळलेली लोकर होते, म्हणून मूळ तक्ताच धरा. लिहिणारा माणूस जरा तांत्रिक असेल तर इंक (अशाच गोष्टी लिहायची स्क्रिप्ट भाषा) बघा, त्यात वाटा परत वळवून घेणं सोपं जातं.

आणि एक गोष्ट साइटमॅपमध्ये कधीच नसते: सोडून गेलेला माणूस. दालनात कोणी 'बाहेर पडा' दाबत नाही. तो निघून जातो आणि पुढच्याला आधीच्याचा अर्धमेला पक्षी मिळतो. तेव्हा स्पर्श नसल्याच्या किती वेळानंतर 'अजून आहात का?' विचारायचं, किती वेळानंतर सगळं पुसायचं, आणि लांब क्लिप चालू असताना घड्याळ थांबवायचं की नाही, हे तक्त्यात पाहिजे. ('थांबवायचं' हे उत्तर आहे. मुलाखत ऐकत उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडावर पडदा पुसला गेलेला बघवत नाही.)

रात्रपाळी

+१०० त्या कंसातल्या वाक्याला.

सतराशेसाठ

चाचणीबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. कार्ड सॉर्टिंग (माणसांना विषयांची कार्डं देऊन गट पाडायला सांगणं) कराल तर माणसं गट कसे पाडतात ते कळेल, पण पाडलेल्या गटात वस्तू सापडते का ते कळणार नाही. त्याला ट्री टेस्टिंग: नुसती नावं दाखवायची, चित्रं-रंग काही नाही, आणि 'पक्षी रात्री दिशा कशी ओळखतात हे कुठे शोधाल?' विचारायचं. संदर्भाच्या भागाला दोन्ही करा.

गोष्टीला यातलं काही चालत नाही. तिथे एकजण कागदावरचे प्रसंग समोर ठेवतो आणि चरबीचा हिशेब खडे मांडून करतो, दुसरा निवडतो. निवडण्याआधी त्याला विचारा, 'हे दाबलं तर काय होईल असं वाटतं?' उत्तर अगदी बरोबर आलं तर निवड निरस आहे. अजिबात अंदाज नसेल तर ती नुसती नाणेफेक. मधलं काहीतरी हवं.

पाणकणीस

आता रचना अशी होते आहे. तळाला पाच टॅगवाला वस्तूंचा तक्ता. त्यावर दोन दारं: नकाशा-यादी आणि गोष्ट. गोष्टीत तीन व्हेरिएबल, बहुतेक निवडी निघण्यापूर्वीच्या. प्रत्येक प्रसंगातून संदर्भाला एकच वाट. पडद्यावर शोध नाही, फोनवर आहे.

एक अडलंय. 'मागे' बटण. संदर्भात मागे म्हणजे आधीचा पडदा. गोष्टीत मागे म्हणजे केलेला निर्णय परत घेणं का? दिग्दर्शक म्हणतो पक्ष्याला मागे जाता येत नाही, बटणच नको.

सतराशेसाठ

दिग्दर्शकाचं निम्मं बरोबर. पावलागणिक मागे जाता आलं तर प्रत्येकजण चरबी भरपूर होईपर्यंत मागे-पुढे करत बसेल. पण पाण्यात पडलेल्याला थेट सुरुवातीला पाठवणंही क्रूर आहे. मुक्कामांना खुणा धरा. पक्षी मेला तर शेवटच्या मुक्कामावर, त्यावेळी जेवढी चरबी होती तेवढ्यासकट. म्हणजे अलीकडचे निर्णय वेगळे घेता येतील, मुळात कमी खाल्लं असेल तर ते भोगावं लागेल.

कोडकिडा

आणि संदर्भातून 'मागे' आलं की गोष्ट जिथे सोडली तिथेच, स्थितीला धक्का न लागता. दोन्हींना वेगळी बटणं, वेगळ्या जागी. एकच बाण दोन कामांना वापरू नका.

अजून एक, स्थिती एवढीशीच आहे तर ती एका छोट्या ओळीत मावते: प्रसंग क्रमांक आणि तीन अक्षरं. ती क्यूआर कोडमध्ये घाला. दालनात अर्धवट राहिलेला पक्षी फोनवर नेता येईल, मागच्या पोरांना जागा मिळेल, आणि मला कोणाचं लॉगिन सांभाळावं लागणार नाही. तक्त्यात त्यासाठी एक रकाना आत्ताच ठेवा: हा प्रसंग फोनवरून सुरू करता येतो की नाही. वादळाच्या मध्यावर कोणाला उतरवू नका, मुक्कामावर उतरवा.

पाणकणीस

रकाना टाकला. तीस प्रसंगांपैकी आठ मुक्काम निघाले. तक्ता पूर्ण झाला की इथेच टाकते.